नावाला लागलेली टाकी

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा धुकंसुद्धा घाईत नसे. ते सकाळी डोंगरावरून उतरायचं, झाडाझाडाशी थांबायचं, आणि दुपारची जेवणं उरकली तरी कधी कधी रेंगाळत बसायचं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या आणि डोंगराच्या मधून एक ओढा वाहायचा. ओढ्यापलीकडे, वर रानात, कोळसा पाडणारी माणसं राहत. लाकडं मातीखाली झाकून मंद मंद जाळायची आणि तयार झालेला कोळसा आठवड्याच्या बाजारात विकायचा, हे त्यांचं काम. ती माणसं पावसाने भरलेल्या ढगासारखी काळीसावळी होती. त्यांच्या केसांना, कपड्यांना धुराचा वास यायचा. लांबून बघितलं की त्यांच्या भट्ट्यांचा धूर निळा दिसे, म्हणून ती स्वतःला निळवे म्हणत.

गावातलं कोणी मात्र त्यांना निळवे म्हणत नसे. गावाने त्यांच्यासाठी आपला एक शब्द करून ठेवला होता. धुरके.

पाणवठ्यावर निळव्यांची बाई दिसली की, "ए धुरके, लांब हो." बाजारात भाव ठरवताना, "धुरक्याचा कोळसा आणि एवढा महाग?" मूल रडायला लागलं की, "गप, नाहीतर धुरका नेईल." शब्द एवढासाच होता. पण तो म्हणताना ओठ असे मुडपायचे, की शब्द विरून गेला तरी ते मुडपलेले ओठ डोळ्यांपुढून हलत नसत.

त्या डोंगरावर एक बाई होती. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा म्हातारी सुईण म्हणाली, "हिचं नाव चांगलं ठेवू नकोस गं. दगडी ठेव, केरी ठेव. असं नाव ठेव, की मरणाने ऐकलं तर नाक मुरडून परत जाईल."

जुनी चालच होती ती. लेकरू जगावं म्हणून आईबाप त्याला टाकाऊ वस्तूचं नाव देत.

आईने खूप विचार केला. आजवर कानावर पडलेल्या शब्दांत सगळ्यात वाईट शब्द कोणता? मग तिने मुलीला छातीशी धरलं आणि तिच्या कानात सांगितलं, "धुरकी."

सासरा दारात बसला होता. तो दचकला. "अगं, हे काय नाव झालं?"

"मामंजी, ते जातं बघा," आई म्हणाली. "दळून दळून त्याचे दात गेले. आता त्याच्यावर बोट फिरवलं तरी टोचत नाही. दगड झिजतो, तर शब्द का नाही झिजणार? मी हिला दिवसभर याच नावाने हाका मारीन. जेवताना, न्हाऊ घालताना, झोपवताना. हिच्यापर्यंत येईस्तोवर तो शब्द पार गुळगुळीत झालेला असेल."

म्हातारा हसला. "माझा उपाय याहून सोपा आहे. मी लक्षच देत नाही. वारा आला, वारा गेला. आता तर मला तो शब्द ऐकूसुद्धा येत नाही."

मुलगी जगली. मोठी झाली. आणि खरंच, त्या घरात तो शब्द मऊ होत गेला. "धुरके, ऊठ बाई, ऊन आलं." "माझी धुरकी ती, दूध सांडलंस ना गं?" धुकं दाट पडलं की डोंगरावरची माणसं असतील तिथेच थांबत, आणि घरून आपल्या नावाची हाक येईल तिकडे एक एक पाऊल टाकत येत. तशी हाक आली, "धुरकेऽऽ", की ती लांबून ओरडायची, "ओऽऽ!" आणि पांढऱ्या धुक्यातून तिचे हसरे डोळे आधी दिसायचे, बाकीची मुलगी मागून यायची.

सात वर्षांची झाल्यावर ती हट्ट करून आजोबांबरोबर बाजाराला निघाली. म्हाताऱ्याने तिचा हात घट्ट धरला होता.

पाणवठ्यापाशी एक बाई घागर घासत होती. गावात तिच्या घागरीएवढी लख्ख घागर कोणाची नव्हती, म्हणून सगळे तिला घागरवाली म्हणत. तिने मान वर केली आणि म्हणाली, "ए धुरके, हो बाजूला."

"ओ!" मुलगी आनंदाने ओरडली. या बाईला माझं नाव कसं माहीत?

घागरवाली आधी चकित झाली, मग हसली. शेजारचा भाजीवाला म्हणाला, "अरे, ही तर ओ देते! ए धुरके, इकडे."

"ओ!" मुलगी तिकडे पळाली.

"इकडे गं, धुरके!" बांगडीवाला ओरडला.

"ओ!"

सगळा बाजार हाका मारायला लागला. मुलगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती आणि खिदळत होती. तिला वाटलं, केवढी माणसं मला ओळखतात! पळता पळता ती पुन्हा पाणवठ्यापाशी आली. बाई भरलेली घागर उचलत होती. घरी आईला लावायची, तसा तिने घागरीला खालून हात लावला.

घागरवालीने हिसका मारला. "शिवलीस? मेली धुरकी!" आणि तिने भरलेली घागर तिथल्या तिथे उपडी केली.

पाणी मुलीच्या पायांवरून वाहत गेलं. तिने वर बघितलं, तर ओठ मुडपलेले होते. मग तिने सगळ्या बाजाराकडे बघितलं. सगळेच ओठ तसे होते.

आजोबा तिला घेऊन परतले. वाटेत कोणीतरी पुन्हा तो शब्द टाकला. म्हाताऱ्याचा चेहरा तळ्यासारखा शांत होता. पण हातातला तिचा हात एवढ्या जोरात दाबला गेला, की तिला कळ आली.

"आबा, तुम्हाला तर ऐकू येत नाही ना?" तिने विचारलं.

म्हातारा झपझप चढ चढायला लागला.

त्या संध्याकाळी आईने हाक मारली, "धुरके, जेवायला ये गं."

ओ आली नाही. मुलगी चुलीमागे गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आई हाक मारायची, आणि मुलगी अंगावर काहीतरी फेकल्यासारखी आक्रसायची. आईने दुसरी नावं घेऊन बघितली, चिमणी, सोनी, पण त्या नावांची तिला सवय नव्हती. ती इकडेतिकडे बघायची, कोणी दुसरी मुलगी आली आहे की काय असं.

अशातच जात्यांना टाकी लावणारा डोंगरावर आला. अंगणात बसून तो छिन्नी हातोडीने गुळगुळीत दगडावर बारीक बारीक खाचा पाडायला लागला. टिक टिक टिक.

"हा काय करतो?" मुलीने विचारलं.

"दात लावतो बाळा," आई म्हणाली. "आपण दळून झिजवतो, हा पुन्हा..."

आणि ती मध्येच थांबली. तिने खाली गावाकडे बघितलं. धुक्यातून बाजाराचा गलका वर येत होता, टिक टिक टिक केल्यासारखा. एका घरात ती शब्द झिजवत होती, आणि खाली सगळं गाव त्याला रोज टाकी लावत होतं.

थोड्या दिवसांनी करडू हरवलं, म्हणून मुलगी ते शोधत डोंगर उतरली. करडू ओढ्याच्या डोहापाशी सापडलं. तिने त्याला कडेवर घेतलं, आणि इतक्यात धुकं उतरलं. असं दाट, की तिला स्वतःचे पाय दिसेनात. ती डोहाच्या काठाला, शेवाळलेल्या खडकावर उभी होती. मागे खोल पाणी होतं.

वरून हाक आली. "धुरकेऽऽ!"

धुक्यात आवाजाला चेहरा नसतो. मुलीला कळेना, ही आई आहे की बाजार. ती एक पाऊल मागे सरकली.

"धुरकेऽऽ!"

ती आणखी सरकली.

घागरवाली त्याच वेळी ओढ्यावर पाणी भरायला आली होती. हाक ऐकून ती थबकली. रोज आपल्या तोंडात असतो तोच हा शब्द. पण असा तिने कधी ऐकला नव्हता. त्यात रडू होतं. कोणीतरी त्या शब्दाच्या टोकाला जीव बांधून तो धुक्यात सोडला होता.

मग जवळच करडू ओरडलं. धुकं जरासं विरळ झालं, आणि तिला ती मुलगी दिसली. एक पाऊल आणखी, की डोह.

हाक मारायला तिने तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं, की या मुलीसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. तो म्हटला, तर पोर मागे सरकेल.

ती तशीच उघड्या तोंडाने उभी राहिली. जन्मभर वापरलेला शब्द जिभेवर होता, आणि तो गिळण्यावाचून इलाज नव्हता.

तिने तो गिळला. मग हळूच म्हणाली, "घाबरू नको. मी पुढे येत नाही. तुला काय म्हणून हाक मारू, ते तूच सांग."

मुलगी दचकली, पण सरकली नाही. असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"आई धुरकी म्हणते," ती म्हणाली.

"बरं. मग मी पण..."

"तू नको म्हणू, मावशी."

"नाही म्हणत."

"तुझ्या तोंडून ते टोचतं."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धुक्यात ते कोणाला दिसलं नाही. "मग मी काय म्हणू गं?"

मुलीने विचार केला. "आत्ता म्हणालीस ना, 'गं'? तेच म्हण."

"अगं," बाई म्हणाली, "इकडे ये."

"ओ," मुलगी म्हणाली आणि तिने पाऊल पुढे टाकलं. शेवाळावरून पाय निसटला. घागरवालीने दोन्ही हात पुढे केले आणि तिला धरलं, करडासकट. दोन्ही हात लागले, म्हणून घागर सुटली. ती खडकावर आपटत गेली आणि डोहात बुडबुड करत बुडाली.

"मावशी, तुझी घागर!"

"जाऊ दे."

"मी तुला शिवले."

"शिवलीस ना? मग आता घट्ट धर."

दोघी ओढा मागे टाकून चढ चढायला लागल्या. वरून पुन्हा हाक आली, "धुरकेऽऽ!" मुलीने बाईच्या खांद्यात तोंड लपवलं.

बाई थांबली. "अगं, नीट ऐक. ही बाजाराची हाक नाही, आईची आहे. टोचते का?"

मुलीने तोंड बाहेर काढलं. धुकं हळूहळू हलत होतं. हाक पुन्हा आली, भट्टीच्या उबेसारखी.

"नाही टोचत."

"मग ओ दे की."

"ओऽऽ आई!"

आणि पांढऱ्या धुक्यातून आई पळत आली, तेव्हा तिला आधी ते डोळे दिसले.

पुढच्या बाजाराला म्हातारा नातीचा हात धरून खाली आला. पाणवठ्यावर गर्दी होती. एक बाई ओरडली, "ए धुरके, सरक मागे!"

घागरवाली नवी घागर घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "ती आधी आली आहे. आणि तिला हाक मारायची, तर आधी नाव विचार."

"अगं बाई!" ती दुसरी हसली. "घागर डोहात गेली, तशी अक्कलही गेली वाटतं तुझी!"

"गेली असेल. तू मात्र रांगेत मागे जा."

काही जणी हसल्या. एकीने शब्द तोंडात आणला होता, तो तिने तसाच ठेवला. गावातला तो शब्द काही त्या दिवशी मेला नाही. आणखी कितीतरी तोंडांत तो होता. पण त्याला टाकी लावणारा एक हात त्या दिवशी थांबला.

मुलीने आजोबांच्या हाताकडे बघितलं. तो तिच्या हाताभोवती होता, सैलसर, उन्हात वाळत टाकलेल्या धोतरासारखा निवांत.

तात्पर्य: टोचणारा शब्द सोसणाऱ्याने घरात कितीही झिजवला, किंवा ऐकूनही ऐकला नाही असं दाखवलं, तरी त्याची धार जात नाही. ज्याच्या तोंडात तो आहे त्यानेच तो गिळावा, आणि समोरच्याला विचारावं, तुला काय म्हणून हाक मारू?