गवंड्याचा होकार

फार फार मागे, राजेसुद्धा प्रजेला सल्ला विचारत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाने कायदे करण्यासाठी सभा नेमली आणि प्रत्येक गावाला आपला एक माणूस पाठवायला सांगितले. डोंगरापलीकडच्या गावाने आपला गवंडी पाठवला.

त्याचा जन्म विहिरी बांधण्यात गेला होता. खोदकाम चालू असताना कड ढासळून गाडली गेलेली सहा माणसे त्याने स्वतःच्या हातांनी उकरून काढली होती. त्यांत एक त्याचा सख्खा भाऊ होता. म्हणून तो सभेत एकच वाक्य घेऊन आला : "कडांना लाकडांचा आधार दिल्याशिवाय विहिरीत माणूस उतरवू नये."

"एवढंच?" प्रधानांनी विचारले.

"एवढंच, प्रधानजी. आज मंजूर करा, म्हणजे मी माझ्या कामाला लागतो."

आज कसले! विहीर कशाला म्हणावे, यावरच महिना गेला. पायऱ्या असल्या तर ती विहीर, की नसल्या तर? मग 'माणूस' या शब्दात बाई येते का, यावरून दोन पंडित हातघाईवर आले. त्यानंतर सण आले.

"अहो, एवढ्यात माझ्या चार विहिरी बांधून झाल्या असत्या!" गवंडी ओरडला. सभा हसली आणि पानाचे तबक पुढे सरकले.

असे वर्ष गेले. मग एक जमीनदार सभासद गोड आवाजात म्हणाला, "गवंडीबुवा, वाक्याच्या सुरुवातीला फक्त 'शक्यतो' घालू या. आत्ता मंजूर होईल."

शब्द गवंड्याला खटकला. पण त्या बडबडीने त्याचे डोके पिकले होते. "घाला एकदाचा, आणि सोडा मला!" तो म्हणाला.

कायदा झाला. गावाने त्याला हार घातले.

पुढच्याच उन्हाळ्यात त्या जमीनदाराच्या विहिरीची कड ढासळली. तीन माणसे गेली. न्यायाधीशांपुढे जमीनदार म्हणाला, "लाकूड वेळेत मिळालं नाही. शक्य नव्हतं. कायदा वाचून पाहा." न्यायाधीशांनी कायदा वाचला आणि त्याला सोडून दिले.

मेलेल्यांपैकी एकाची बायको गवंड्याच्या दारात आली. "तो शब्द कोणी घालू दिला?"

"मी."

"का?"

"कंटाळलो होतो, बाई."

ती आल्या पावली निघून गेली.

गवंडी पुन्हा सभेत जाऊन बसला. आता तो ओरडत नसे. तेच वाद, तेच पंडित, तेच सण. आतून जीव नुसता जळे; पण रोज उठून तो एवढेच म्हणे, "तो शब्द काढा." पाचव्या वर्षी सभाच कंटाळली आणि शब्द निघाला. त्यानंतर त्या राज्यात आधाराशिवाय कोणी विहिरीत उतरला नाही. ती तीन माणसे मात्र परत आली नाहीत.

बोध एवढाच : चांगल्या कामात वैताग येणारच, पण वैतागून दिलेल्या होकाराची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.