टाचेतली मावशी

माणसाला पाय होते पण चपला सुचल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका गुराख्याच्या टाचेत बाभळीचा काटा घुसला. काट्यावर बसून एक जंतू आत आला. डोळ्यांना दिसत नव्हता, पण रुबाब पाटलाच्या जावयाचा.

टाचेत पेशींची दाट वस्ती. पहिलीच पेशी पोक्त, सगळ्यांची मावशी. जंतूनं विष सोडून तिच्या भिंतीला भोक पाडलं.

"मावशी, आधी तुला खातो, मग तुझ्या शेजारणींना."

मावशीच्या आतलं मीठ भराभरा गळायला लागलं. शेजारची कोवळी पेशी रडकुंडीला आली. "मावशी, भोक बुजव की गं. वाचशील."

"मी वाचेन. पण चोर शिरलाय हे वस्तीला कोण सांगणार? आपल्यात रीत आहे बाई, मीठ गळायला लागलं की घरच पाडायचं."

"एका भोकानं वेड लागलं म्हातारीला," जंतू हसला.

मावशीनं आतून आपल्याच भिंतीला आणखी भोकं पाडली. ती फुगली, फुगली आणि फुटली. तिच्या पोटातला सांगावा रक्तापर्यंत पोचला. टाच लाल झाली, तापली, आणि पांढऱ्या पेशींची फौज धावून आली. जावईबापूंना पळायची वाटसुद्धा सापडली नाही.

"नेमकी कामाच्या वेळी ठणकतेय," गुराखी कुरकुरला. शहाण्यांनो, हसू नका, तुम्हीही तेच म्हणाला असता.

आत मात्र वाचलेल्या शेजारणी मावशीच्या मोकळ्या जागेभोवती उभ्या होत्या. त्या दिवशी तिथं सरकून बसायचं धाडस एकीलाही झालं नाही.