आधी खड्डा भरा

थायलंडमध्ये एका संथ नदीच्या काठी ताडिन नावाचा तालुका आहे. तिथं किल्ला नाही की राजवाडा नाही. एकदा राजधानीतून प्रासित नावाचे बडे अधिकारी वारसास्थळांची यादी करायला आले. दिवसभर हिंडले आणि धक्क्यावर जमलेल्या गावाला म्हणाले, "इथं नुसती भातशेती आणि चिखलाचे खड्डे. यादीतून तुमचं नाव मी खोडतोय."

मग त्यांनी रेशमी कापडात गुंडाळलेली एक वीट बाहेर काढली. "वारसा म्हणजे हा. आमच्या जुन्या राजवाड्याची वीट आहे, तीनशे वर्षांची."

विटा पाडणारी बुआलोय आजी पुढं आली. तिनं ती वीट उलटी केली. मागच्या बाजूला तीन बोटांच्या खोल रेघा होत्या. आजीनं सकाळीच पाडलेली स्वतःची ओली वीट तिच्याशेजारी ठेवली. तिच्यावरही तशाच तीन रेघा.

"ही आमच्या काठाची खूण," आजी म्हणाली. "मला आजीनं शिकवली, तिला तिच्या आजीनं."

"असेल, पण इथं राजवाडा कुठाय?"

"तो तुमच्याकडं गेला, साहेब. होड्यांत भरून, वीट वीट करून. आमच्याकडं त्याचा खड्डा उरला. नाव खुशाल खोडा, पण आधी आमची माती परत आणा आणि हा खड्डा भरून द्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

महिन्याभरानं यादी छापून आली. तिच्यात ताडिनचं नाव राजवाड्याच्या एक ओळ वर होतं.