नमुन्याची काच

भरदुपारी खिडक्या फोडून चोऱ्या होऊ लागल्या आणि सगळं गाव धास्तावलं. त्याच गावात निळकंठशेठ नावाचा काचवाला होता. त्याने काचेवर चिकटवायची संरक्षक फिल्म विकायला आणली.

दुकानाच्या दारात त्याने एक नमुन्याची काच उभी केली. शेजारी दगडांची पाटी ठेवली. "मारा पाव्हणं, मारा! दगड आरपार गेला तर दुकान तुमचं!" लोक मारत. काचेला तडे जात, पण ती चौकट सोडत नसे. लोक खूश होऊन फिल्म लावून घेत.

आणि हा गृहस्थ लावत काय होता? जाड फिल्म फक्त नमुन्याला. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांना मात्र उन्हासाठी वापरतात ती, कागदासारखी पातळ! लोकांच्या जिवाशी खेळ, आणि वर हसून नमस्कार!

एकदा त्याची आई द्वारकाबाई दुकानात आली. "निळू, दुपारी मी घरात एकटी असते. माझ्या खिडकीलाही लाव की तुझी ती फिल्म."

तीन दिवस घेऊ की नको करणारे तांबोळी मास्तर तिथेच उभे होते. ते म्हणाले, "ठरलं! आईंच्या खिडकीला लावाल तीच मला द्या. माझी नातवंडंही दुपारी एकटीच असतात."

निळकंठचा हात जाड गुंडाळीकडे गेला. पण मग ती दोघांनाही द्यावी लागणार होती. हात मागे आला. त्याने दोघांसाठी पातळच कापली. आईची उद्या गुपचूप बदलू, असं ठरवलं. तो उद्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत राहून गेला.

आठव्या दिवशी दुपारी शेजारी धावत दुकानात आला. निळकंठ घरी पोचला. एका दगडात अख्खी काच खोलीभर पसरली होती. आईच्या कपाळातून रक्त वाहत होतं. हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. चौकटीला फिल्मची चिंधी लोंबत होती.

तिच्यापाशी बसून, कपाळावर रुमाल दाबत तो म्हणाला, "आई, ती... ती खरी नव्हती गं."

पाटल्या गेल्या तेव्हा न आलेलं रडू आईला आता आलं.

"मग माझ्यापाशी काय बसलास? मास्तरांची नातवंडं घरात एकटी आहेत. ऊठ! खरी घेऊन जा, आणि खरं सांगून ये."

जाड गुंडाळी खांद्यावर घेऊन निळकंठ दुकानातून निघाला. दारातल्या काचेवर तेव्हाही कोणीतरी दगड मारून वाहवा करत होतं.

तात्पर्य: जो माल आपल्या आईला देताना हात अडखळतो, तो दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा धंदा नव्हे, दरोडा आहे.