गमाजीचं आवतण

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पळसखडीला तेव्हा रस्ता नव्हता, मोटार नव्हती आणि देवळाला घंटाही नव्हती. देऊळ म्हणजे आपलं हेच ख्रिस्ती देऊळ, फक्त त्याच्यावर कौलांऐवजी गवत होतं. घंटा नव्हती, म्हणून गमाजी होता.

गमाजी कुणाचा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या दुष्काळात तो मिशनच्या माणसांना एका कोरड्या विहिरीच्या काठावर सापडला, असं म्हणतात. त्यांनी त्याला वाढवलं, बाप्तिस्मा दिला, शाळेतही बसवलं. अक्षर काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पण आवाज असा, की माळावर उभं राहून हाक मारली तर नदीपलीकडच्या गाई चरता चरता माना वर करायच्या. मग त्याला काम मिळालं, दर रविवारी वस्त्यांवर जाऊन लोकांना उपासनेला बोलवायचं.

गमाजी ते काम जिवापाड जपायचा. अंगात ताप असला तरी जायचा, पायात काटा मोडला तरी लंगडत जायचा. आपण उपयोगी पडतो म्हणून हे लोक आपल्याला ठेवून घेतात, उद्या पाय थकले तर आपल्याला कोण विचारणार, हे त्याच्या मनात लहानपणापासून घर करून बसलं होतं. तसं त्याला कुणी कधी बोललं नव्हतं. पण तसं नाही, हेही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

वस्त्या होत्या सात, माळभर विखुरलेल्या. उजाडताच तो निघायचा. प्रत्येक दारात उभा राहून म्हणायचा, "चला, देवानं बोलावलंय." शेवटची वस्ती सोनाबाईची. तिथं पोचेपर्यंत इकडं देवळात पहिलं गीत सुरू झालेलं असायचं, आणि तो परत येईपर्यंत लोक बाहेर पडून वहाणा शोधत असायचे. "गमाजी, आज उपदेश झकास झाला बरं का," असं त्याला सांगायचे. तो हसायचा. एक नाही, दोन नाही, तीस वर्षं असं चाललं. कळपातलं एक करडू कमी असलं तर आपल्या लोकांना लांबून कळतं, पण जाजमावर गमाजी नाही हे एकालाही कळलं नाही. सगळे त्याच्याच हाकेनं आलेले ना, मग तो आत नसेल असं कुणाला वाटणार?

सोनाबाईला मात्र वाटलं. ती पायांनी अधू होती, देवळात जाणं तिच्या नशिबी नव्हतं. एका रविवारी गमाजीच्या हातात पाण्याचा तांब्या देत ती म्हणाली, "मला दर आयतवारी बोलावतुस. तुला कोण बोलावतं रं?"

"मी तर घरचाच, आजी," गमाजी म्हणाला. म्हणाला खरा, पण परतीच्या वाटेवर त्याला काही सुचेना.

त्याच दिवशी देवळातून बाहेर पडणाऱ्यांनी त्याला उपदेश सांगितला. एका यजमानानं मोठं जेवण केलं, आवतण दिलेले आलेच नाहीत, मग त्यानं गड्याला धाडून रस्त्यावरचे आंधळे-पांगळे गोळा करून आणले. गमाजीनं ती गोष्ट आठवडाभर मनात घोळवली.

पुढचा रविवार हंगामाच्या सणाचा होता. नवं धान्य देवापुढं ठेवायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. पाळक भास्करराव सकाळपासून चुलांगणापाशी उभे होते, धुरानं डोळे लाल झालेले. गमाजी काठी घेऊन त्यांच्यापुढं आला.

"पाळकसाहेब, त्या गोष्टीतला गडी, बोलवायला गेलेला. त्यो जेवला का हो शेवटी?"

भास्करराव हसले. "असलं तुलाच सुचतं. ते काही लिहिलेलं नाही बघ. आधी आवतण देऊन ये, मग निवांत बोलू."

"बरं," गमाजी म्हणाला आणि निघाला.

त्या दिवशी त्याची हाक सातही वस्त्यांवर एकाच वेळी ऐकू आली, असं म्हणतात. कधी न येणारे आले. वाटेनं चाललेले धनगर मेंढरं सोडून आले. देवळाचं अंगण माणसांनी भरून गेलं आणि अन्न पुरतं की नाही, म्हणून भास्करराव पुन्हा पुन्हा पातेल्यांत डोकावू लागले. पण अन्न पुरलं. शेवटचा माणूस जेवून उठला तेव्हा पातेली निपटून निघाली होती. एक भाकरी कमी पडली नाही आणि एकही उरली नाही.

पातेली घासायला घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "गमाजीचं ताट कुणी काढून ठिवलं?"

कुणीच ठेवलं नव्हतं. भास्कररावांना सकाळचा प्रश्न आठवला. ते रिकाम्या हातांनी माळावर धावत सुटले.

गमाजी सोनाबाईच्या दारात भिंतीला टेकून बसला होता. प्राण गेला होता. सोनाबाई त्याच्या डोक्यावर पदर धरून बसली होती.

"पानी पिऊन हितंच बसला व्हता," ती म्हणाली. "मंग एकदम उठला आन् माळाकडं बघून म्हनला, 'मला?' मला तर कुनी दिसलं न्हाई, साहेब. त्यो हसला. 'आलो, आलो,' म्हनला. आन् बसला, त्यो बसलाच."

भास्करराव त्या दारात लहान पोरासारखे रडले. पुढं म्हातारे होईस्तोवर ते एकच सांगत, "त्याला देवानं बोलावलं, यात मला शंका नाही. पण त्याच्या आधी मी बोलवायला हवं होतं. सोपं होतं ते."

आता देवळाला घंटा आहे, कर्णाही आहे. पण हंगामाच्या सणाला, पानं वाढून झाली की पाळक पंगत सोडून उठतात, माळाकडं तोंड करून उभे राहतात आणि हाक मारतात, "गमाजी, चल, जेवायला बस." मग सगळे थांबतात. सोनाबाईच्या वस्तीवरून माणसाला चालत यायला लागेल तेवढा वेळ. भाताची वाफ जाते, आमटीवर पापुद्रा धरतो, पोरं चुळबुळ करतात. तोवर कुणी घास उचलत नाही. सणाचा दिवस असूनही त्या दिवशी पळसखडीत सगळे गार जेवतात.