कोणाकडची?

पूर्वी चित्रावती नगरीवर दृढवर्मा राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका नावाड्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव तारक. धाकटा भाऊ उपल त्यांच्याबरोबर वल्हे मारी.

नदीच्या अलीकडे दोन जमाती राहत. गुरे राखणारे धेनुक आणि भात पिकवणारे शालिक. त्यांच्यात सोयरीक होत नसे, पण एकमेकांकडची सुईण आणि विरजण दोघांनाही चाले. एका वर्षी कुरणावरून भांडण पेटले, आणि ज्यांनी जन्मात गवताशिवाय काही कापले नव्हते ते आता माणसे कापू लागले. लोक राजाकडे धावले. राजा म्हणाला की दोघेही माझीच प्रजा आहेत, एकाला वाचवायला सैन्य पाठवले तर दुसऱ्यावर अन्याय होईल. असे म्हणून त्याने कुणालाच वाचवले नाही. दरबारात मात्र त्याच्या समदृष्टीची वाहवा झाली.

नदीपलीकडे शांतता होती. तिथे जो पोहोचला तो जगला. आणि नाव एकच होती.

त्या नदीवर एक जुनी रीत होती. नावेत पाय ठेवणाऱ्याला नावाडी विचारी, "कोणाकडचे?" मग ओळख निघे, निरोप दिले जात, वाट बोलण्यात सरे. कापाकापी सुरू होताच बोधिसत्त्वांनी उपलाला बजावले की यापुढे हा प्रश्न विचारायचा नाही, फक्त डोकी मोजायची. उपलाने मान डोलावली. तो मनाने वाईट नव्हता. हे सांगणे भाग आहे, कारण पुढे झाले ते काही वाईट माणसाच्या हातून सुरू झाले नाही.

तेराव्या दिवशी भर दुपारी दहा जण नावेत चढले. त्यांत दोन्हीकडची माणसे होती आणि भीतीने ती एकमेकांकडे पाहतही नव्हती. काठावरच्या झाडाखाली धेनुकांचे टोळके कोयते घेऊन बसले होते. शेवटी अकरावी एक म्हातारी आली. उपलाने तिला हात देऊन वर घेतले, आणि वीस वर्षांची सवय त्याच्या तोंडून निसटली.

"आजी, कोणाकडची?"

"शालिकांकडची रे बाबा. कुंदा," म्हातारी म्हणाली. इतक्या दिवसांनी कुणीतरी आपुलकीने विचारले, याचे तिला बरे वाटले होते.

टोळके उठले. त्यांनी तिला खाली ओढले आणि तिथेच मारले.

मग त्यांचा म्होरक्या भद्रक नावेपाशी आला आणि उरलेल्यांतले शालिक दाखव म्हणाला. बोधिसत्त्व त्याच्यापुढे आडवे उभे राहिले.

"नावेत बसलेला माणूस उतरेपर्यंत नावाड्याचा असतो. हे दहाही माझ्याकडचे आहेत."

भद्रकाला एकदा महापुरातून बोधिसत्त्वांनीच काढले होते. ते तो विसरला नव्हता, म्हणून त्याने त्यांचा जीव घेतला नाही. कोयत्याच्या मुठीने त्यांची दोन्ही मनगटे मोडली आणि म्हणाला की पुराचे उपकार फिटले, आता जा. उपलाने रडत रडत नाव हाकली. दहाही जण पार झाले. बोधिसत्त्वांचे हात पुन्हा वल्ह्याला लागले नाहीत.

पुढे मारणारेच दमले, तेव्हा भांडण विझले. राजाने दोन्हीकडचे मुडदे मोजवले. आकडे जवळजवळ सारखे भरले, एकाचाच फरक पडला. तेव्हा त्याने बोधिसत्त्वांना बोलावून विचारले की काठावर मेलेली म्हातारी कोणत्या बाजूला धरायची.

"महाराज, नावेत अकरा जण चढले आणि दहा उतरले. याहून जास्त मला मोजता येत नाही."

राजाला हे उत्तर उद्धट वाटले. ज्या बाजूला एक कमी होता त्या बाजूला त्याने म्हातारीला धरले, आणि न्याय झाला असे जाहीर केले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा उपल म्हणजे आजचा हा सोणक. बोलण्याआधी तो दहादा थांबतो म्हणून तुम्ही त्याला हसता. ती म्हातारी म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देणारी उपासिका वारुणी. भद्रक आज आपल्यातच चीवर पांघरून बसला आहे, त्याचे नाव मी घेणार नाही. नावाडी मी होतो."

एका भिक्षूने विचारले, "आणि राजा?"

"तो अजूनही राजाच आहे," शास्ता म्हणाले.

ही कथा मैत्री-पारमितेची, म्हणजे मैत्रीच्या पूर्णत्वाची. त्या दिवशी ती मैत्री दहा जणांना पुरली, अकराव्या माणसाला पुरली नाही.