मखमलशेठचं ॲप आणि राजवाड्यातली पंगत

“विद्याबाणाबद्दल एक वाकडा शब्द काढायचा नाही! काढलात तर नोकरी गेली. आणि ते शाळेच्या कामाचं नाही, हे आजच, माझं जेवण आटपायच्या आत, पटवून द्यायचं. नाही जमलं, तरी नोकरी गेली!”

भर दरबारात चंडविक्रम महाराज सगुणाबाईंवर गरजले. सगुणाबाई गावाबाहेरच्या शाळेत दुसरीला शिकवायच्या, आणि विद्याबाण म्हणजे मखमलशेठने महाराजांच्या गळ्यात मारलेलं ॲप. शेठ ते दाखवायला आला तेव्हा सोबत विद्यार्थी एकच होता, त्याचा सख्खा भाचा. त्या पोराचे पाढे बहुधा आईच्या पोटातच पाठ झाले असावेत. त्याने फटाफट उत्तरं दिली, पडद्यावर फुलं उधळली, महाराज खूश! साऱ्या शाळांना हुकूम सुटला. आता आपल्या महाराजांची खोड अशी, की त्यांनी घेतलेली वस्तू वाईट निघणं म्हणजे राजद्रोह. पूर्वी विकत घेतलेला आंधळा घोडासुद्धा दरबारात ‘विचारी’ म्हणून ओळखला जायचा.

सगुणाबाईंच्या वर्गात मात्र चाळीस पोरं. एकेकाचा फोटो काढा, चेहरा जुळवा, प्रत्येक ओळ शिकवली की एकेका पोरापुढे ‘समजले’ किंवा ‘समजले नाही’ दाबा, मगच पुढची ओळ उघडणार! हजेरी होईपर्यंत तास संपायचा. दिवाळी आली तरी पोरं पहिल्याच धड्यावर. बाईंनी दरबारात निरोप धाडला, ‘हे परत घ्या.’ त्याचंच हे बक्षीस मिळत होतं.

“बोला बाई!” मखमलशेठ मिशीतल्या मिशीत हसला.

“मी कशाला वाईट बोलू?” सगुणाबाई म्हणाल्या. “इतकी गुणी वस्तू! माझं दुःख वेगळंच आहे, महाराज. ती नुसत्या पोरांना का? आज तुमची पंगत आहे. वाढप्यांच्या हातातही विद्याबाण द्या की! कुणाला काय वाढलं, कुणाला किती रुचलं, सगळं महाराजांना बसल्या जागी कळेल.”

“वा!” महाराज मांडीवर थाप मारून म्हणाले. शेठच्या डोळ्यांसमोर तर राज्यातली सगळी स्वयंपाकघरं नाचू लागली. त्याने लगेच ‘धडा’च्या जागी ‘पदार्थ’ घातलं आणि ‘समजले’च्या जागी ‘रुचले’!

पंगत बसली. चाळीस पानं. राजवाड्याचा रिवाज असा, की सगळ्या पानांवर सगळं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, महाराजांनीसुद्धा.

सखंभट आचारी एका हातात फोन धरून हजेरी घेऊ लागला. सेनापतींपाशी अडलं.

“चेहरा जुळत नाही म्हणतंय. मिशा जरा खाली करता?”

“या मिशा शत्रूपुढे खाली झाल्या नाहीत!”

“शत्रूला फोटो लागत नव्हता, सरकार!”

मिशा खाली झाल्या. मग मीठ. चाळीस जणांना चिमूटभर मीठ, आणि प्रत्येकाला बोटाने चाखायला लावून प्रश्न, “रुचलं का?” मग लिंबाची फोड. पुन्हा तेच. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. दोन वाढपी रेंज शोधायला गच्चीवर गेले, ते तिकडेच रमले. तिकडे स्वयंपाकघरात तूप थिजलं. पुऱ्या बसल्या. महाराजांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

“सखंभट, जिलबी आण!”

“उघडत नाही, महाराज. आधी चटणी पूर्ण करा म्हणतंय.”

“मग चटणी वाढ!”

“वाढली असती हो... पण तुम्ही आत्ता मान वळवलीत ना? महाराज गैरहजर लागले!”

“मी? माझ्याच पंगतीत?” महाराज पाटावरून ताडकन उठले. “फेक ते डबडं! वाढायला ठेवलंय तुला की बटणं दाबायला? समोर माणसं भुकेने कळवळताहेत आणि तू त्यात डोकं घालून बसलास! पानाकडे बघ! माणसाच्या तोंडाकडे बघ!”

सगुणाबाई खांबापाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

“महाराज, माझ्याही वर्गात रोज चाळीस पानं मांडलेली असतात. फरक एवढाच, की उपाशी राहिली तर ती पोरं पाटावरून उठून ओरडत नाहीत. गप्प बसतात.”

महाराजांनी आपल्या नुसत्या मीठ-लिंबाच्या पानाकडे पाहिलं.

“महाराज, नव्या आवृत्तीत...” मखमलशेठ पुटपुटला.

“नवी आवृत्ती वरणात कालवून खाऊ का?” महाराज ओरडले आणि एकदम खो खो हसत सुटले. “मास्तरीणबाई, वाकडा शब्द तुम्ही काढला नाहीत, माझ्या तोंडून काढलात! नोकरी पक्की. आजपासून शाळांसाठी काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. सगळं भिरकावून देऊ?”

“छे! माझ्या वर्गातल्या कुशाबाला अंधूक दिसतं. धडा मोठ्याने वाचून दाखवणारं एक ॲप आहे. रेंज नसली तरी चालतं, मध्ये मध्ये मला काही विचारत नाही. त्याच्यामुळे पोरगा वर्गाबरोबर आहे, ते मी कुणाला काढू देणार नाही. माझी अट एकच. ज्याला जे विकायचंय, त्याने ते घेऊन आधी माझ्या वर्गाला एक तास शिकवावं. चाळीस पोरं माझी. भाचा घरी!”

“मंजूर! मखमलशेठ, तुमचा तास उद्याच!”

“महाराज,” शेठ हात जोडून म्हणाला, “त्यापेक्षा मी सगळे पैसे परत देतो!”

महाराज इतके हसले, की सखंभटाने न विचारता वाढलेली जिलबी त्यांच्या घशात अडकता अडकता राहिली. हसू ओसरल्यावर त्यांनी अख्खं ताट उचलून सगुणाबाईंच्या हातात दिलं आणि परत आलेल्या पैशांतून त्यांच्या शाळेला आणखी एक शिक्षक दिला.